अशक्तपणाचे खापर वयावर नको

आपल्या समाजात साठी ओलांडलेल्या माणसाने "पाय उचलत नाहीत" अशी तक्रार केली, की घरातील सर्वांची उत्तरे तयार असतात. मुलगा म्हणतो, वय झाले. सून म्हणते, थंडी बाधली. शेजारीण हळूच सांगते, कोणाची तरी दृष्ट लागली. दुखणाइताला स्वतःलाही ही उत्तरे सोयीची वाटतात. वयावर औषध नाही, आणि औषध नाही म्हटल्यावर पहाटे उठून इस्पितळाच्या रांगेत बसण्याचे कारण उरत नाही. मग गरम तेलाने पाय चोळायचे, वाटीभर पेज घ्यायची आणि पडून राहायचे.

आमच्या घरीही असेच झाले, आणि त्याची किंमत जवळजवळ एका जिवाने मोजावी लागली असती. म्हणून आज या पानावर हा विषय मांडत आहोत. आम्ही पेशाने शिक्षक आहोत, डॉक्टर नव्हे. परंतु जे समजून घेतले ते चार लोकांना समजावून सांगणे हे शिक्षकाचे कामच आहे.

आमच्या काकी वाक्वाच्या. वय ६८. अकरा वर्षांपासून रक्तदाबासाठी रोज सकाळी एक छोटी गोळी घेतात. हिला आपल्याकडे सगळे "पाण्याची गोळी" म्हणतात, कारण ती घेतली की लघवीला जास्त होते. काकींची लेक जर्मनीत हांबुर्ग येथे नोकरी करते. तिला मूल झाले, म्हणून काकी बाळंतपणासाठी गेल्या आणि आयुष्यात प्रथमच युरोपचा हिवाळा त्यांनी पाहिला. तीन आठवडे उत्तम गेले. चौथ्या आठवड्यात त्यांना जिना चढवेना. लेकीचे घर दुसऱ्या मजल्यावर. मधल्या वळणावर कठडा धरून त्या उभ्या राहू लागल्या. पोट साफ होईना. रात्री पोटऱ्यांत गोळे येत. कधी छातीत पाखरू फडफडल्यासारखे होई. त्यांनी लेकीला सांगितले, "थंडी गं, दुसरे काही नाही." लेकीने येथे फोन केला, आणि आम्हीही, लिहायला लाज वाटते, तेच सांगितले: थंडी असेल, शिवाय वय झाले.

लेकीला मात्र चैन पडेना. तिने त्यांना मोहल्ल्यातील डॉक्टरकडे नेले. डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवले. दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन आला, की आईला घेऊन ताबडतोब इस्पितळात या, पायी आणू नका. तपासणीच्या कागदावर एका ओळीला गडद खूण केलेली होती. त्या ओळीत लिहिले होते "कालियुम", आणि पुढे आकडा होता २.६. हा आकडा ३.५ ते ५ यांच्या दरम्यान असावा लागतो.

कालियुम म्हणजे पोटॅशियम. महाराष्ट्रातील शेतकरी नत्र, स्फुरद आणि पालाश अशी खतांची तीन नावे घेतो, त्यांतले पालाश ते हेच. आपल्या बेटावरील जुन्या माणसांना हे नाव शिकवावे लागत नाही. उसाच्या मळ्यात ज्यांनी राबून दिवस काढले, त्यांना पोटॅश ठाऊक आहे. पण मळ्यात घालायचे हे खत आपल्या रक्तामांसातही आहे, ते कमी झाले तर ऊस वाळतो तसा माणूसही वाळतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

जर्मन लोकांचे या द्रव्याशी जुने नाते आहे. पूर्वी लाकडाची राख पाण्यात भिजवून, ते पाणी आटवून हा क्षार काढीत. कोकणात आपल्या पणज्या ज्या राखेने भांडी घाशीत, त्या राखेतला खरा घासणारा गुण याचाच. तो फक्त झाडपाल्यात असतो अशी समजूत होती. १७९७ साली बर्लिनच्या मार्टिन हाइनरिख क्लाप्रोट या रसायनज्ञाने तो दगडांतही आहे हे दाखवले आणि त्याला "काली" हे नाव सुचवले. पुढे १८०७ मध्ये लंडनला हम्फ्री डेव्ही यांनी त्यातली धातू वेगळी केली व तिला पोटॅशियम म्हटले. इंग्रजीत ते नाव राहिले, जर्मनीत कालियुम राहिले, आणि साऱ्या जगाच्या विज्ञानाने खूण म्हणून "के" हे अक्षर घेतले ते या कालियुमचे. आपल्या मुलांना शाळेत नेहमी प्रश्न पडतो, की पोटॅशियमला "पी" न लिहिता "के" का लिहितात. त्याचे उत्तर हे. श्टासफुर्ट गावी मिठाच्या खाणीत वरचा एक थर कचरा म्हणून बाजूला टाकीत. तोच थर पोटॅशने भरलेला आहे हे कळल्यावर १८६१ साली आडोल्फ फ्रांक यांनी तेथे पोटॅशचा कारखाना उभारला, आणि पोटॅश खताच्या मोठ्या धंद्याला तेथून सुरुवात झाली. कचरा म्हणून टाकलेली वस्तू सोन्याच्या मोलाची निघाली. वाचकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिचा उपयोग आहे.

आता शरीराकडे वळू. मोठ्या माणसाच्या देहात सुमारे १४० ग्रॅम पोटॅशियम असते, म्हणजे चहाची एक लहान वाटी भरेल इतके. त्यातले शंभरातले ९८ भाग पेशींच्या आत असतात आणि फक्त दोन भाग पेशींच्या बाहेर, रक्तात व इतर पाण्यात. आम्ही वर्गात असे सांगतो: मंडळाच्या सभागृहात ९८ माणसे बसली आहेत आणि बाहेर ओट्यावर दोन उभी आहेत. रक्ताच्या तपासणीत मोजली जातात ती ओट्यावरची दोन. आत किती गर्दी आहे हे त्यावरून पूर्ण कळत नाही, पण ओट्यावरची माणसे कमी दिसली तर आतलीही बहुधा उठून गेलेली असतात.

आत दाटी आणि बाहेर विरळ, या फरकावरच सारा खेळ आहे. जर्मनीत हाले येथील युलियुस बेर्नश्टाइन या शास्त्रज्ञाने १९०२ साली मांडले, की मज्जातंतू आणि स्नायू यांच्यात जी सूक्ष्म वीज असते ती पेशीच्या आतबाहेरील पोटॅशियमच्या या फरकातून येते. पुढील संशोधनाने या विचारात पुष्कळ भर घातली, पण पाया तोच राहिला. हात उचलणे, आतडे हलणे, हृदयाचा ठोका पडणे, ही सगळी कामे त्या विजेवर चालतात. बाहेरचे पोटॅशियम उतरले की या विजेचा तोल बिघडतो. पायातली शक्ती जाते, आतडे मंदावते म्हणून मलावरोध होतो, पोटऱ्यांत गोळे येतात आणि हृदय वेडेवाकडे धावू लागते. काकींची थंडी, त्यांचे पोट, त्यांच्या छातीतले पाखरू ही चार निरनिराळी दुखणी नव्हती. एकच दुखणे चार दारांनी बाहेर डोकावत होते.

इस्पितळात त्यांच्या हृदयाचा आलेख काढला, तर त्यात नेहमीची एक लाट चपटी झालेली आणि तिच्यामागे एक जादा लाट उमटलेली दिसली. काकींना हृदयाच्या ठोक्यांवर सतत लक्ष ठेवणाऱ्या यंत्राला जोडले. शिरेतून पोटॅशियमचे पाणी अगदी हळूहळू, तासातासाचे माप ठेवून दिले. घाईने दिले तर तेच पाणी हृदय बंद पाडते, म्हणून ते काम इस्पितळातच आणि मोजूनच करतात. दोन दिवसांनी त्या उठून बसल्या. मग वयस्कर डॉक्टर लेकीला म्हणाले, "आई तोंडात जे जे घालतात, ते सगळे उद्या एका पिशवीत घालून आणा. औषध असो वा नसो."

दुसऱ्या दिवशी ती पिशवी टेबलावर रिकामी केली. पहिली निघाली पाण्याची गोळी. ती डॉक्टरांना ठाऊक होती. दुसरी निघाली सोनामुखीच्या पाल्याची पुडी. पोट साफ होत नाही म्हणून काकी रोज रात्री ती घेत होत्या. तिसरी निघाली ज्येष्ठमधाची पूड. थंडीने घसा धरतो म्हणून दिवसातून दोनदा कोमट पाण्यात तिचे तिझान. चौथी वस्तू मात्र आपल्या घरात कधी येत नाही. ती होती लाक्रित्सची, म्हणजे काळ्या चिकट गोळ्यांची, रंगीत पिशवी. उत्तर जर्मनीत या गोळ्या फार आवडीने खातात. तेथे असे गमतीने म्हणतात, की माइन नदी ही लाक्रित्सची सीमा आहे, तिच्या उत्तरेला लोक ती खातात आणि दक्षिणेला तोंड वाकडे करतात. काकींना ती तोंडात घालताच ज्येष्ठमधाची चव ओळखू आली, आणि परक्या देशात ओळखीची चव सापडल्याच्या आनंदात त्या रोज मूठभर खाऊ लागल्या. त्यांची जीभ खरेच बोलली होती. लाक्रित्स करतात ते ज्येष्ठमधाच्याच मुळाच्या अर्कापासून.

ती पिशवी पाहून डॉक्टरांना सर्व उलगडा झाला. शरीरातून पोटॅशियम बाहेर नेणारी दारे तीन, आणि काकींनी तिन्ही एकाच वेळी उघडून ठेवली होती.

पहिले दार पाण्याच्या गोळीचे. ही गोळी मूत्रपिंडाला सांगते, की मीठ आणि पाणी बाहेर जाऊ दे. रक्तदाब त्याने उतरतो, हे चांगलेच आहे. पण ते मीठ मूत्रपिंडाच्या शेवटच्या नळीत पोचले, की शरीर त्यातले थोडे परत ओढून घेते आणि त्याच्या बदल्यात पोटॅशियम सोडते. पाण्याच्या सगळ्या गोळ्या अशा नसतात, काही उलट पोटॅशियम राखून ठेवतात. म्हणून आपली गोळी कोणत्या जातीची आहे हे विचारलेच पाहिजे. मिठाचा तुटवडा पडला तर मूत्रपिंड ते जवळजवळ पूर्ण अडवून धरते. पोटॅशियमच्या बाबतीत त्याला तेवढी चिकाटी नाही. थोडे तरी गळतच राहते.

दुसरे दार पोटाचे. जुलाब, उलट्या, किंवा रोज घेतलेले रेचक. पातळ शौचावाटे पोटॅशियम जाते. उलट्यांत ते थेट फारसे जात नाही, पण उलट्यांमुळे रक्तातील आम्लाचा तोल बदलतो आणि मग मूत्रपिंड ते लघवीतून सोडते. काकींचे दुर्दैव पाहा. पोटॅशियम कमी झाले म्हणून आतडे मंदावले, मलावरोध झाला, मलावरोधासाठी सोनामुखी घेतली, आणि सोनामुखीने पोटॅशियम आणखी कमी केले. बैल घाण्याभोवती फिरावा तसे हे चक्र.

तिसरे दार ज्येष्ठमधाचे, आणि आम्हांला धक्का बसला तो याचा. ज्येष्ठमध आपल्या आजीच्या बटव्यातले. घसा बसला, ज्येष्ठमध. खोकला, ज्येष्ठमध. त्याची गोडी ज्या द्रव्यामुळे येते त्याला ग्लायसिरायझिन म्हणतात. हे द्रव्य मूत्रपिंडातील एका राखणदाराला झोपवते. तो राखणदार झोपला, की शरीरातील नेहमीचा एक अंतःस्राव भलत्याच जागी बसून हुकूम देऊ लागतो: मीठ राखा, पोटॅशियम फेका. म्हणजे रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरते. काकी एका हाताने रक्तदाब उतरवण्याची गोळी घेत होत्या आणि दुसऱ्या हाताने तो चढवण्याचे औषध.

ही नवी बातमी नव्हे. हॉलंडमध्ये रेव्हर्स नावाचे डॉक्टर पोटातल्या व्रणावर ज्येष्ठमधाचा अर्क देत. त्या रोग्यांतील काहींच्या अंगावर सूज येते असे त्यांनी १९४६ साली नोंदवून ठेवले. युरोपच्या तज्ज्ञ समितीने २००३ साली मत दिले, की मोठ्या माणसाने रोज १०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लायसिरायझिन सतत घेऊ नये. जर्मनीत १०० ग्रॅम लाक्रित्समध्ये ते २०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असले, तर पिशवीवर "श्टार्कलाक्रित्स", म्हणजे कडक लाक्रित्स, असे लिहितात. त्याहूनही अधिक प्रमाण असले तर रक्तदाबाच्या रोग्यांनी ते बेताने खावे अशी सूचना युरोपभर छापावी लागते. हिशेब सोपा आहे. कडक लाक्रित्स ५० ग्रॅम खाल्ले की दिवसाची मर्यादा गाठली. आता आपल्या पुडीचे पाहू. मुळात हे द्रव्य कमीजास्त असते, पण शेकडा ४ एवढेच धरले, तरी ५ ग्रॅम पुडीत २०० मिलिग्रॅम होते. जर्मनीच्या पिशवीवर निदान सूचना तरी छापलेली आहे. आपल्या पुडीवर काहीच छापलेले नसते, कारण आपण तिला औषध मानतच नाही.

येथे गैरसमज होऊ नये. आम्ही ज्येष्ठमधाची निंदा करीत नाही. घसा धरल्यावर निरोगी माणसाने दोन दिवस काडी चघळली, तर बिघडत नाही. महिनोन्‌महिने, रोज, आणि तेही रक्तदाबाच्या गोळीबरोबर, हे मात्र चुकते. अति तेथे माती, ही म्हण आपल्याच लोकांनी केली आहे.

काकींची गोष्ट ही तीन दारांची झाली, पण आणखीही वाटा आहेत. दम्याचे औषध फार मोठ्या मात्रेत घेतले, किंवा मधुमेहाच्या रोग्याला इन्सुलिन जोरात दिले, तर पोटॅशियम रक्तातून पेशींच्या आत शिरते आणि ओट्यावरचा आकडा उतरतो. शरीरात मॅग्नेशियम कमी असले, तर कितीही पोटॅशियम दिले तरी ते टिकत नाही. दारूच्या व्यसनात असे पुष्कळदा होते. शिवाय एक विरळा आनुवंशिक आजार आहे. त्यात तरुण मुलगा रात्री भरपेट गोड जेवण करून निजतो आणि सकाळी त्याचे चारही हातपाय लुळे पडलेले असतात. काही तासांनी तो पुन्हा चालू लागतो. असा एक रोगी बर्लिनच्या कार्ल वेस्टफाल यांनी १८८५ साली वर्णिला. त्या वेळी कारण कोणाला उमगले नव्हते. अशा झटक्याच्या वेळी रक्तातील पोटॅशियम उतरलेले असते हे १९३४ मध्ये हॉलंडच्या डॉक्टरांनी दाखवले, आणि दोष कोणत्या गुणसूत्रखंडात आहे हे १९९४ मध्ये उलगडले. त्यात जर्मनीतील उल्म विद्यापीठाच्या संशोधकांचाही वाटा होता. विचार करा, अशा मुलाला जुन्या काळी किती वेळा "बाहेरची बाधा" म्हणून मांत्रिकाकडे नेले गेले असेल!

आता वाचक विचारतील, मग उपाय काय? केळी खावीत का? केळे चांगलेच. एका मध्यम केळ्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. जर्मनीची आहारशास्त्र संस्था मोठ्या माणसाला रोज ४००० मिलिग्रॅम पुरेसे मानते, जागतिक आरोग्य संघटना किमान ३५१० सांगते. म्हणून कोणी दहा केळी खाऊ नयेत. जर्मन माणूस ते बटाट्यांतून मिळवतो, आपल्याला आपल्या स्वयंपाकघरातच मिळते. शिजवलेल्या डाळीच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशेच्या वर. ब्रेद मालबार, म्हणजे आपला माठ, शिजवलेला १०० ग्रॅम घेतला तर सहाशेच्या आसपास. ब्रेद सोंज, म्हणजे आपले अळू, तेही भरपूर देते. पेलाभर शहाळ्याचे पाणी, उकडलेले रताळे, टोमॅटो, सर्वांत ते आहे. मात्र भाजी पुष्कळ पाण्यात उकडून ते पाणी फेकले, तर त्याबरोबर पोटॅशियमही मोरीत जाते. श्टासफुर्टच्या खाणवाल्यांनी जी चूक केली, तीच आपण रोज करतो. आपली आजी ब्रेदचे पाणी भातावर घेत असे. तिला रसायनशास्त्र येत नव्हते, पण टाकू नये एवढे तिला कळत होते.

तरीही जे पोटॅशियम औषधामुळे उतरले, ते जेवणाने भरून येईल असे समजू नये. रक्तातला आकडा एकाने उतरला तर शरीरातून ८ ते १६ ग्रॅम पोटॅशियम गेलेले असते, असा डॉक्टरांचा ठोकताळा आहे. त्याची केळी केली तर वीस ते चाळीस होतात. म्हणून तेथे डॉक्टरांनी दिलेले पोटॅशियमचे औषध लागते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे गळती थांबवावी लागते. फुटक्या हंड्यात पाणी ओतून काय उपयोग?

आणि आता सर्वांत महत्त्वाची सूचना. हा लेख वाचून कोणीही औषधाच्या दुकानातून पोटॅशियमच्या गोळ्या आणून घेऊ नयेत. कमी पोटॅशियम जसे हृदयाला घातक, तसेच जास्तही घातक. ज्याचे मूत्रपिंड दुबळे झाले आहे, त्याच्या अंगातून ते बाहेर पडत नाही आणि साचत जाते. आपल्या बेटावर मधुमेह किती घरांत आहे हे सांगायला नको, आणि मधुमेह मूत्रपिंडाला पोखरतो हेही आता सर्वांना ठाऊक आहे. रक्तदाबाच्या काही गोळ्याही पोटॅशियम वाढवतात. तेच "कमी सोडियमच्या" मिठाचे. चीनमधील ६०० खेड्यांत असे मीठ देऊन पाहिले, त्यात पोटॅशियमचा क्षार मिसळलेला होता. २०२१ साली निकाल आला, की पक्षाघाताचे प्रमाण त्याने घटले. निरोगी मूत्रपिंडाच्या माणसाला ते मीठ हिताचे ठरू शकते. पण मूत्रपिंडाच्या रोग्याला तेच मीठ विष ठरेल. एकाच घरातील आजोबांचे पोटॅशियम कमी आणि आजींचे जास्त असू शकते. बाहेरून दोघेही म्हणतील, "अंगात त्राण नाही." कोण कोणत्या बाजूला आहे हे चेहऱ्यावरून कळत नाही, ते रक्तच सांगते.

म्हणून आमचे मत असे, की दोष वयाचा नाही, आणि थंडीचाही नाही. दोष आपल्या न विचारण्याचा आणि न सांगण्याचा आहे. येथे ज्या दवाखान्यात काकी जात होत्या, तेथे गोळी वेळेवर मिळत होती, पण पोटॅशियमची तपासणी बऱ्याच वर्षांत झालेली नव्हती. तपासणाऱ्यांनी ती करायला हवी होती हे खरे. पण आमच्यापैकी एकानेही ती मागितली का? घरात शिकलेली माणसे आहेत, आम्ही स्वतः मुलांना पोटॅशियमची खूण शिकवतो, आणि काकींच्या कागदावर "के" या अक्षरापुढे काय लिहिले आहे हे आम्ही अकरा वर्षांत एकदाही पाहिले नाही. आणि डॉक्टरने "आणखी काही घेता का?" असे विचारले, की आपण मान हलवून "नाही" म्हणतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे घरच्या पैशाअडक्याला ठीक आहे. डॉक्टरपुढे मूठ उघडावी लागते. डॉक्टर रागावतील, घरगुती औषधाला हसतील, ही भीती खरी आहे. पण त्या जर्मन डॉक्टरांनी ज्येष्ठमधाची पुडी पाहून हसू काढले नाही. त्यांनी ती वासावरून ओळखली आणि म्हणाले, "ही आमच्याही आजीकडे असायची."

आमची वाचकांना विनंती एवढीच. घरात जो कोणी पाण्याची गोळी घेतो, त्याने पुढच्या भेटीत दोन प्रश्न विचारावेत: माझी गोळी पोटॅशियम घालवते की राखते, आणि माझा आकडा शेवटी कधी पाहिला. जुलाब-उलट्या दोनतीन दिवस चालल्या आणि नंतर पाय लुळे वाटू लागले, तर पडून राहू नये. अशक्तपणाबरोबर छातीत फडफड होत असेल, चक्कर येत असेल, तर उद्यावर ढकलू नये, तडक इस्पितळ गाठावे. हृदयासाठी डिजॉक्सिन घेणाऱ्यांनी तर अधिकच जपावे, कारण पोटॅशियम उतरले की त्या औषधाचे विष चढते. रक्त देताना मूठ पुन्हा पुन्हा आवळू नये, त्याने आकडा खोटाच चढलेला दिसतो. आणि डॉक्टरकडे जाताना पिशवी न्यावी. गोळ्या, पुड्या, काढे, मुळ्या, परदेशातून आलेला खाऊ, सगळे तिच्यात असावे.

आपल्या मंडळांतून गणेशोत्सवात आणि गुढीपाडव्याला व्याख्याने होतात, झाकरी होते, मुलांच्या स्पर्धा होतात. त्यांतली एक संध्याकाळ या पिशव्यांना का देऊ नये? गावातल्या एखाद्या डॉक्टर भगिनीला किंवा नर्स मुलीला बोलवावे, ज्येष्ठांनी आपापल्या पिशव्या आणाव्यात आणि आजीच्या बटव्यातले काय ठेवायचे, काय बेताने घ्यायचे हे सर्वांसमक्ष ठरवावे. त्याला खर्च नाही. परंपरा त्याने बुडत नाही, उलट डोळस होते.

काकी परत आल्या. पाण्याची गोळी डॉक्टरांनी बदलली, सोनामुखी आणि ज्येष्ठमध बंद केले. ज्येष्ठमधाचा अंमल अंगातून लगेच जात नाही, म्हणून आणखी काही आठवडे त्यांना तपासण्या कराव्या लागल्या. आज त्यांचा आकडा ४.१ आहे, आणि तो त्यांना आपल्या नातवाच्या वाढदिवसासारखा पाठ आहे. परवा आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्या अंगणात ब्रेद खुडत होत्या. आम्ही म्हटले, "काकी, वय झाले आता, वाकू नका." त्या ताठ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वयाचे नाव काढू नकोस. एकदा काढले होतेस ते पुरे झाले."

आम्ही काय उत्तर देणार? मान खाली घालून त्यांच्या हातची टोपली घेतली.